मूत्राशयातले बहुरूपी

१९७९ साली ‘युरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात स्टर्न यांनी मूत्राशयातल्या एका गाठीबद्दल छोटेसे टिपण छापले. मूत्राशयाच्या अस्तराखाली पेशींचे गोलसर पुंजके असतात. ते धडधाकट माणसातही सापडतात, आणि जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बर्ट फॉन ब्रुन यांनी १८९३ मध्येच त्यांचे वर्णन करून ठेवले होते. स्टर्न यांच्यापुढची गाठ या ब्रुन-पुंजक्यांच्याच वळणाची होती. म्हणून टिपणाच्या मथळ्यातच तिला ब्रुन-पुंजक्यांतून निघालेली, जरा वेगळी पण सौम्य गाठ म्हटले गेले. दहा वर्षांनी, १९८९ मध्ये, टॅलबर्ट आणि रॉबर्ट यंग यांनी तीन रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. काही भागांत फसवे सौम्य दिसणारे, पण प्रत्यक्षात अस्सल कर्करोग असलेले हे तीन रोगी होते. १९९२ मध्ये मर्फी आणि डीना यांनी या प्रकाराला ‘नेस्टेड’ हे नाव दिले आणि ते रूढ झाले. आज या कर्करोगाचा इतिहास सांगताना स्टर्न यांचे टिपण त्याचे पहिले वर्णन म्हणून दाखवले जाते. म्हणजे वैद्यकाच्या दप्तरात या रोगाची पहिली नोंद झाली तीच ‘सौम्य’ या शेऱ्याने. यात स्टर्न यांना दोष देण्यासारखे काही नाही. जे दिसले ते त्यांनी त्या काळच्या ज्ञानाला धरून लिहिले. मात्र या नोंदीतून एक प्रश्न उभा राहतो आणि मूत्राशयाच्या कर्करोगाच्या गेल्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाकडे त्याच प्रश्नाच्या बाजूने पाहावे असे मला वाटते. एखादा प्रकार ‘दुर्मीळ’ आहे असे आपण म्हणतो, तेव्हा ती निसर्गाने केलेली मोजदाद असते, की पाहणाऱ्याच्या सवयीने ठरवलेली?

माझे उत्तर असे की दुर्मीळपणाचा बराच मोठा वाटा पाहणाऱ्याचा असतो. कोणत्या देशात पाहिले, काय शोधायचे ठरवून पाहिले आणि सापडल्यावर त्याचे पुढे काही होणार होते की नाही, या तीन गोष्टींवर आकडा हलतो. हे पटायला निदान कसे होते ते आधी पाहावे लागेल. रुग्ण बहुधा एकाच तक्रारीने येतो: लघवीतून रक्त, तेही पुष्कळदा न दुखता. मग दुर्बीण घालून मूत्राशय आतून पाहतात. ही दुर्बीण माक्स निट्झे यांनी १८७७ मध्ये प्रथम दाखवली. तिच्या टोकाशी प्लॅटिनमची तार तापून उजेड देत असे आणि ती थंड ठेवायला भोवती पाणी खेळवावे लागे. आज त्याच वाटेने विजेच्या तारेचे वेटोळे आत जाते आणि गाठ खरवडून बाहेर काढली जाते. बाहेर येतात त्या कातळीसारख्या चिरफळ्या, काही ठिकाणी विजेच्या चटक्याने करपलेल्या. त्या फॉर्मेलिनमध्ये जातात, पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवल्या जातात, त्यांचे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतके पातळ काप काढले जातात आणि ते जांभळ्या-गुलाबी रंगात रंगवून काचेवर येतात. दुर्बिणीतून शल्यचिकित्सकाला गाठीचा बाहेरचा आकार दिसतो, स्कॅनमध्ये तिचा पसारा दिसतो. गाठीची जात मात्र काचेवरच्या त्या जांभळ्या-गुलाबी कापात आणि पॅथॉलॉजिस्टच्या डोळ्यात ठरते. युरोप-अमेरिकेत दहातल्या नऊ गाठी मूत्रमार्गाच्या नेहमीच्या अस्तरातून, म्हणजे युरोथेलियममधून निघालेल्या असतात. त्यामुळे डोळ्याला तेच दिसण्याची सवय लागते.

पण हे प्रमाण युरोप-अमेरिकेचे आहे. कैरोत ते उलटे होते. १८५१ मध्ये तिथल्या कस्र अल-ऐनी रुग्णालयात काम करताना थेओडोर बिलहार्ट्झ या तरुण जर्मन डॉक्टरला शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांतला एक कृमी सापडला. या कृमीची अंडी मूत्राशयाच्या भिंतीत रुतून बसतात, वर्षानुवर्षे दाह चालू ठेवतात आणि अस्तराचा पोत बदलत बदलत तिथे त्वचेसारख्या सपाट पेशी तयार होऊ लागतात. १९११ मध्ये कैरोतच ए. आर. फर्ग्युसन यांनी या कृमीरोगासोबत आढळलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगाचे चाळीस रुग्ण तपशीलवार मांडले. ज्या स्क्वेमस, म्हणजे सपाट पेशींच्या, कर्करोगाला लंडनचा किंवा बर्लिनचा डॉक्टर अपवाद म्हणत होता, तो नाईलच्या काठी नियम होता. कैरोच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत १९७० नंतरच्या काळात मूत्राशयाच्या कर्करोगांपैकी जवळपास तीन-चतुर्थांश स्क्वेमस असत. सदतीसएक वर्षांत हा वाटा पाव हिश्शाच्या थोडा वर इतका खाली आला आणि युरोथेलियमचा नेहमीचा कर्करोग दोन-तृतीयांशावर गेला. आस्वान धरणानंतर कालव्यांचे आणि कृमी वाहणाऱ्या गोगलगायींचे गणित बदलले, प्राझिक्वांटेलच्या कृमीनाशक गोळ्या आल्या, सिगारेटी वाढल्या. म्हणजे एकाच देशात, एका पिढीच्या आत, ‘नेहमीचा’ आणि ‘दुर्मीळ’ यांनी जागा बदलल्या. दुर्मीळपणा हा गाठीचा अंगभूत गुण असता तर हे घडले नसते.

भारताने या प्रश्नात स्वतःला फार काळ बाजूला ठेवले होते. हा कृमी आफ्रिकेचा आणि पश्चिम आशियाचा, इथे सापडला तर तो परदेशातून आलेल्या माणसात, असे धरून चालले जाई. मग १९५२ मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी तेव्हाच्या मुंबई राज्यात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात या रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे जाहीर केले. पुढे तिथल्या पाण्यात फेरिसिया टेन्युइस ही चिमुकली गोगलगाय कृमीची मधली यजमान म्हणून दाखवली गेली. कोकणातल्या एका गावात लघवी तपासली गेली म्हणून तो रोग ‘भारतात’ आला, आधी नव्हता म्हणून नव्हे. गिमवीमुळे महाराष्ट्रात स्क्वेमस कर्करोग वाढला असे मी म्हणत नाही. तसा पुरावा माझ्यापुढे नाही आणि तेवढ्या छोट्या केंद्रातून तो अपेक्षितही नाही. मुद्दा इतकाच की ‘आपल्याकडे नसते’ हे वाक्य बहुतेक वेळा ‘आपण पाहिले नाही’ या अर्थाने खरे असते.

कैरोचे चित्र इतके ठसठशीत असूनही पाश्चात्त्य वैद्यकाने मूत्राशयाचा कर्करोग एकच रोग म्हणून का वागवला? त्याला कारण आहे, आणि ते आळशीपणाचे नाही. १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन या रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी होतात हे दाखवले आणि सगळ्यांचे लक्ष कारणाकडे वळले: कोणते रसायन, किती वर्षे, कोणत्या कारखान्यात. पुढे १९३८ मध्ये ह्यूपर यांनी बीटा-नॅफ्थिलअमाइन देऊन कुत्र्यांच्या मूत्राशयात कर्करोग निर्माण केला, तेव्हा ही दिशा पक्की झाली. दुसरीकडे, १९४६ मध्ये जुएट आणि स्ट्राँग यांनी १०७ शवविच्छेदनांच्या नोंदी घेऊन बसून एक साधा प्रश्न विचारला: गाठ भिंतीत किती खोल गेली होती आणि ती शरीरात अन्यत्र पसरली होती का? अस्तराखालीच थांबलेल्या तीन गाठींपैकी एकही पसरली नव्हती. स्नायूपर्यंत पोचलेल्या पंधरापैकी दोन पसरल्या होत्या. स्नायू ओलांडून गेलेल्या ८९ पैकी जवळपास तीन-चतुर्थांश पसरल्या होत्या. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचित मिळतो. खोली हीच सत्ता झाली. आजही मूत्राशय काढायचे की ठेवायचे हा निर्णय प्रामुख्याने स्नायूत शिरकाव आहे की नाही यावर होतो, आणि तो बरोबरच आहे. पण या यशाचा एक दुष्परिणाम झाला: पॅथॉलॉजिस्टकडून एकच उत्तर मागितले जाऊ लागले, किती खोल? कोण आहे, हा प्रश्न मागे पडला. १९७३ मध्ये मोस्तोफी, सोबिन आणि तोरलोनी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी मूत्राशयाच्या गाठींचे वर्गीकरण केले. तेहरानमध्ये जन्मलेले मोस्तोफी तेव्हा अमेरिकी सैन्याच्या पॅथॉलॉजी संस्थेत होते. त्या यादीत चार मोठी घरे होती: नेहमीचा, स्क्वेमस, ग्रंथीपेशींचा आणि ओळख न पटणारा. नेहमीच्याच्या पोटात उपप्रकार होते ते फक्त स्क्वेमस आणि ग्रंथींच्या मिश्रणाचे. यादी नेटकी होती, जगभर वापरली गेली आणि तिच्यामुळे देशादेशांचे आकडे प्रथमच शेजारी ठेवता आले. नेटक्या यादीत न बसणारी गाठ मात्र जवळच्या घरात ढकलली जात राहिली.

त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत जे घडले ते पाहताना गावात पोलीस, साधू, वैद्य असे सोंग घेऊन येणाऱ्या बहुरूप्याची आठवण होते. १९८१ मध्ये क्रेमर आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयातल्या एका गाठीत, फुप्फुसाच्या कर्करोगात दिसतात तशा बारीक पेशी आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चेतापेशींसारखे स्रावाचे कण दाखवले. हा लघुपेशी कर्करोग. १९९१ मध्ये झुकरबर्ग, हॅरिस आणि यंग यांनी लिम्फोमासारख्या दिसणाऱ्या मूत्राशयाच्या कर्करोगाचे पाच रुग्ण मांडले. त्याच सुमाराला ‘प्लाझ्मासायटॉइड’ प्रकार पुढे आला, ज्यातली पेशी अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशीसारखी, एका बाजूला सरकलेल्या केंद्रकाची असते. प्लाझ्मा पेशी ओळखण्यासाठी वापरला जाणारा सीडी-१३८ हा रंगदेखील ती घेते. म्हणजे सोंग केवळ वेशापुरते नाही, कागदपत्रेही खोटी. आणि १९९४ मध्ये महुल अमीन, जे रो आणि सहकाऱ्यांनी अठरा रुग्णांच्या आधारे ‘मायक्रोपॅपिलरी’ प्रकार मांडला, ज्याची रचना स्त्रियांच्या बीजांडकोशातल्या एका कर्करोगासारखी होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या वर्गीकरणात यांतल्या बहुतेकांना आपापली जागा मिळाली.

मायक्रोपॅपिलरीची काच जवळून पाहण्यासारखी असते, कारण वादाचे मूळ तिथेच आहे. मूत्राशयाच्या भिंतीत रिकाम्या पोकळ्या दिसतात आणि त्या पोकळ्यांत पेशींचे बारीक गुच्छ तरंगत असल्यासारखे सुटे पडलेले असतात. नेहमीच्या बोटांसारख्या वाढीत मधोमध रक्तवाहिनीचा दांडा असतो, इथे तो नसतो. केंद्रके गुच्छाच्या बाहेरच्या कडेला सरकलेली असतात. एका पोकळीत एकच गुच्छ असेल तर शंका ठेवावी, कारण नमुना तयार करताना ऊती आक्रसल्यानेही तशी पोकळी पडते. एकाच पोकळीत तीन-चार गुच्छ दाटीने बसलेले असतील तर मात्र निदानाला बळ येते. एमयूसी-१ हे प्रथिन, जे एरवी पेशीच्या आतल्या, पोकळीकडच्या बाजूला असते, ते इथे गुच्छाच्या बाहेरून कड धरून रंगते. पेशी जणू उलटी झालेली असते, आणि भोवतालच्या रक्तवाहिन्यांत व लसिकावाहिन्यांत ती सहज शिरते. २०० पट मोठ्या केलेल्या या दृश्याला दोन-चार मिनिटे द्यावी लागतात. खोली मोजून अहवाल हातावेगळा करणाऱ्याची नजर त्यावरून घसरते.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप शल्यचिकित्सकांचा आहे: हे सगळे नावांचे खेळ आहेत, टप्पा सारखा असेल तर निकालही सारखाच येतो. याला आधार आहे. मेयो क्लिनिकच्या २०१३ च्या अभ्यासात नेस्टेड प्रकारच्या ५२ रुग्णांची तुलना तेवढ्याच टप्प्याच्या नेहमीच्या कर्करोगाच्या रुग्णांशी केली गेली. सर्वांचे मूत्राशय काढलेले होते, आणि दहा वर्षांनंतरच्या जगण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. आकडे मला मान्य आहेत, त्यावरून काढलेला निष्कर्ष नाही. त्याच अभ्यासातल्या नेस्टेड रुग्णांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिकांचा रोग शस्त्रक्रियेवेळी मूत्राशयाच्या भिंतीबाहेर गेलेला होता. टप्प्याची जोडी लावली की हा फरकच हिशोबातून पुसला जातो. उशिरा पोचलेल्यांची तुलना उशिरा पोचलेल्यांशी केली तर उशिराचा दोष दिसणार कसा? नेस्टेड गाठ पृष्ठभागाजवळ निरागस दिसते आणि खाली स्नायूत उतरताना हळूहळू तिची केंद्रके मोठी व ओबडधोबड होतात. वरवरची चिरफळी पाहून ‘ब्रुनचे पुंजके, दाह’ असा शेरा पडला की सहा महिने, वर्ष जाते. समान टप्प्यावरचा समान निकाल हा निदानाच्या निरुपयोगाचा पुरावा नाही. निदान वेळेवर झाले असते तर टप्पा कोणता असता, हा प्रश्न तो अभ्यास विचारतच नाही.

दुसरा आक्षेप पॅथॉलॉजिस्टांच्याच घरातला आहे, म्हणून अधिक बोचरा. ज्यांना हे ओळखता यायला हवे त्यांचेच एकमत नाही. २०१० मध्ये सांगोई आणि सहकाऱ्यांनी मूत्रविकारांतल्या चौदा तज्ज्ञ पॅथॉलॉजिस्टांना मायक्रोपॅपिलरी असू शकतील अशा तीस गाठींच्या प्रतिमा दाखवल्या. एकमताचा निर्देशांक ०.५४ आला, म्हणजे मध्यम. तज्ज्ञांत ही स्थिती, तर जिल्ह्याच्या ठिकाणी एकट्याने स्तनापासून आतड्यापर्यंत सगळे पाहणाऱ्याने काय करावे? साप म्हणून भुई धोपटली जाण्याचा धोका खरा आहे, आणि इथे धोपटणे म्हणजे एखाद्याचे मूत्राशय विनाकारण काढून पोटाला पिशवी लावणे. तरीही त्या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग सहसा सांगितला जात नाही. ठळक, पाठ्यपुस्तकी दहा गाठींवर त्या चौदांचे जवळपास पूर्ण एकमत होते. गोंधळ सीमेवरच्या गाठींचा होता, आणि त्यातूनच एका पोकळीत अनेक गुच्छ असणे हे लक्षण सर्वांत भरवशाचे ठरले. मतभेद मोजल्याने कसोटी सुधारली. शिवाय सीमारेषा धूसर आहे म्हणून रेषेच्या दोन्ही बाजूंचे प्रदेश एकच, असे ठरत नाही. उलट बाजूचा पुरावाही आहे: अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णालयात बाहेरगावहून आलेल्या प्रत्येक रुग्णाच्या काचा पुन्हा पाहण्याची सक्ती होती. २०१३ मध्ये तिथून आलेल्या अहवालानुसार ज्या गाठींत वेगळी रचना होती, त्यांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिकांच्या मूळ अहवालात तिचा उल्लेखच नव्हता. धोपटण्यापेक्षा न दिसण्याचे पाप मोठे आहे.

पण नुसते दिसून काय उपयोग, उपचार बदलत नसेल तर? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर प्रत्येक प्रकाराला वेगळे द्यावे लागते. लघुपेशी कर्करोगात शंकेला फार जागा नाही. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्राने २००४ मध्ये शस्त्रक्रियेयोग्य ४६ रुग्णांचा आढावा घेतला: आधी मूत्राशय काढलेल्यांत पाच वर्षांचे जगणे ३६ टक्के, आधी केमोथेरपी घेतलेल्यांत ७८ टक्के. हा जुन्या नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, रुग्णांची चिठ्ठी टाकून वाटणी केलेली नाही, हे खरे. पण या रोगाची फुप्फुसातली चाल ठाऊक असल्याने निकाल अपेक्षेला धरूनच होता. काचेवर हे निदान झाले की रुग्ण आधी कोणत्या विभागात जातो तेच बदलते. मायक्रोपॅपिलरीचे प्रकरण इतके सरळ नाही. त्याच केंद्रातून आशिष कामत यांनी २००६ मध्ये दाखवले की स्नायूत न शिरलेल्या मायक्रोपॅपिलरी रोगात बीसीजीची (क्षयाच्या लशीची) धुणी घेतलेल्या २७ रुग्णांपैकी ६७ टक्क्यांत रोग पुढे सरकला आणि २२ टक्क्यांत शरीरभर पसरला. त्यांचे म्हणणे, थांबू नका, मूत्राशय काढा. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधून ३६ रुग्णांचा अभ्यास आला, त्यात लगेच काढलेल्या आणि राखलेल्या गटांत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचा लक्षणीय फरक नव्हता. दोन्ही ठिकाणचे डॉक्टर कसलेले, दोन्ही आकडे लहान. मला वाटते, न्यूयॉर्कचा निकाल ह्यूस्टनला खोटे पाडत नाही. राखून ठेवण्यासाठी निवडलेले रुग्ण पुन्हा खरवडून, स्नायू रिकामा आहे याची खात्री करून निवडले गेले तर त्यांचे बरे चालणारच. पण तेवढी काळजी घ्यायची हे ठरते केव्हा? पहिल्या अहवालात त्या प्रकाराचे नाव आल्यावरच.

तिसरा आक्षेप ताजा आहे. जनुके वाचता येत असताना काचेवर डोळे ताणण्यात काय अर्थ? यंत्र सांगेल. इथे प्लाझ्मासायटॉइडची गोष्ट उद्बोधक आहे. २०१६ मध्ये अल-अहमादी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या प्रकाराच्या ८४ टक्के गाठींत सीडीएच-१ हे जनुक निकामी झालेले असते. याच जनुकातून ई-कॅडहेरिन तयार होते, पेशीला शेजारच्या पेशीशी बांधून ठेवणारे प्रथिन. १९९८ मध्ये न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या होणाऱ्या जठराच्या कर्करोगाचे मूळ याच जनुकात सापडले होते. मूत्राशयात मात्र हा बिघाड जन्मजात नसून गाठीतच घडलेला असतो. बंध सुटले की पेशी एकेकट्या, रांगेने, चरबीच्या थरांतून सरकतात, पोटाच्या आतल्या पडद्यावर पातळ लेप चढवतात आणि स्कॅनवर गोळा म्हणून दिसतच नाहीत. शल्यचिकित्सकाने कडा स्वच्छ समजून टाके घातले तरी मागे पेशी राहिलेल्या असतात. जनुकाने हे सगळे सुंदर उलगडले, यात वाद नाही. मात्र क्रम पाहा: त्या गाठी तपासणीसाठी निवडल्या कशा? पंचवीस वर्षांपूर्वी कोणीतरी काचेवर त्या वेगळ्या काढल्या होत्या म्हणून. सरकलेल्या केंद्रकाच्या पेशी साध्या गाठींच्या ढिगात मिसळून पाठवल्या असत्या तर हा बिघाड सरासरीत बुडाला असता. नेस्टेडचेही तसेच आहे. टर्ट या जनुकाच्या नियंत्रक भागातला बदल नेस्टेड कर्करोगात सापडतो आणि खऱ्या ब्रुन-पुंजक्यांत सापडत नाही, हे २०१५ मध्ये दाखवले गेले. चाचणी चांगली आहे. ती मागवायची तर आधी शंका यायला हवी, आणि शंका यंत्राला येत नाही.

भारतातल्या परिस्थितीत हे सगळे कुठे बसते, हे विचारले जाईलच. जनुकचाचणी महाग आहे, पण रंगवलेली काच आणि ती पाहायला लागणारी दहा मिनिटे महाग नाहीत. खर्च वाढतो तो अपुऱ्या नमुन्याने: चिरफळ्यांत स्नायू नसला तर खोलीही कळत नाही आणि जातही, मग पुन्हा भूल, पुन्हा खरवड. फॉर्मेलिनच्या बाटलीसोबत गेलेल्या कागदावर ‘मूत्राशयाची गाठ’ एवढे दोन शब्द असतील तर पाहणाऱ्याला आधी बीसीजी झाले होते का, स्कॅनमध्ये भिंत जाड होती का, रुग्णाच्या हाडांत दुखते का, यातले काहीच ठाऊक नसते. बहुरूप्याला ओळखायला तो कुठून आला हे कळणे अर्धे काम असते. दुसऱ्या मताची सोय मुंबईसारख्या शहरातल्या मोठ्या कर्करोग केंद्रांत आहे, आणि ठोकळे तिथे पाठवता येतात. प्रश्न आहे तो कोणत्या रुग्णाचे पाठवायचे हे ठरवण्याचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या वर्गीकरणानंतर अहवालात या प्रकारांचे नाव आणि शक्य तिथे त्यांचे प्रमाणही टक्क्यांत लिहावे अशी अपेक्षा आहे. लघुपेशींच्या बाबतीत प्रमाणाचा प्रश्न जवळजवळ मिटला आहे: त्या थोड्या जरी असल्या तरी उपचार त्यांच्या चालीने ठरवावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मायक्रोपॅपिलरी दहा टक्के असेल तर काय, पन्नास असेल तर काय, यावर मात्र अजून सर्वमान्य रेषा आखली गेलेली नाही. अडचण अशी की मोठ्या औषधचाचण्यांत हे रुग्ण बहुधा घेतले जात नाहीत किंवा घेतले तरी वेगळे मोजण्याइतके नसतात. म्हणून त्यांच्याबद्दलचे ज्ञान अजूनही अठरा, सत्तावीस, छत्तीस अशा मुठीएवढ्या यादीतून गोळा होते, आणि त्या यादीत येण्यासाठी रुग्णाला आधी अशा पॅथॉलॉजिस्टच्या टेबलावर पोचावे लागते, ज्याने खोली मोजून झाल्यावरही काच सूक्ष्मदर्शकाखालून काढलेली नाही.